बँकेच्या लिलावातलं घर घेताय? बोलीच्या वर किती पैसे लागतात ते आधी बघा

पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात 'ताबा नोटीस' आणि 'ई-लिलाव विक्री नोटीस' छापून येते. बरेच जण ते पान उलटून टाकतात. पण अलीकडे गावाकडचे लोक ते पान मुद्दाम वाचायला लागलेत. कारण सरळ आहे. लेकरं अकरावी-बारावीला किंवा नीटच्या क्लासला लातूरला, नांदेडला ठेवायची, रूमचं भाडं आणि मेसचा खर्च भरायचा, त्यापेक्षा तिथं एखादं छोटं घर घ्यावं असं अहमदपूर, चाकूर, मुखेड, कंधारकडच्या माणसाला वाटतं. बाजारात घराचा भाव परवडत नाही, आणि नोटिशीतली 'राखीव किंमत' बाजारापेक्षा कमी दिसते. मग सोयाबीनचे पैसे, एखादी विकलेली जमीन, पाहुण्याकडून उसने असं जमवून माणूस बोली लावतो.

राखीव किंमत ही घराची किंमत नसते, ती फक्त बोलीची सुरुवात असते. बोलीच्या पुढेही कोण कोण हात पसरून उभं असतं, ते या लेखात एकेक करून बघू. अमेरिकेत याचा एक भाऊबंद आहे, त्याला 'शॉर्ट सेल' म्हणतात. कर्ज जास्त आणि घराची किंमत कमी, तेव्हा बँकेच्या परवानगीनं मालक कमी पैशात घर विकतो. आपल्याकडं हा प्रकार एकरकमी तडजोडीच्या रूपात होतो, त्याचं शेवटी सांगतो. आपल्याकडं जास्त चालतो तो लिलाव.

लिलाव कोणत्या कायद्यानं आहे?

नोटिशीच्या पहिल्या दोन ओळीत हे लिहिलेलं असतं. राष्ट्रीयीकृत बँक, खासगी बँक, गृहकर्ज देणारी फायनान्स कंपनी यांचा लिलाव बहुतेक करून २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतो. या कायद्यात बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता विकता येते. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग विक्री. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, तसा निकाल सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२० ला दिला. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं होतं.

शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. कायद्याच्या कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणून सरफेसीच्या नोटिशीत 'प्लॉट' म्हणून दाखवलेली जागा सातबाऱ्यावर अजून शेती दिसत असेल, तर तिथंच थांबा आणि वकिलाला दाखवा. मूळ कर्जदार याच मुद्द्यावर भांडायला जाऊ शकतो आणि तुमचे पैसे मध्ये अडकतात.

पतसंस्थेचा लिलाव वेगळा. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे होतो, वसुली अधिकारी करतो. तिथं बोली सुटल्याबरोबर १५ टक्के रक्कम भरायची आणि बाकीची, सर्टिफिकेटच्या स्टॅम्पच्या पैशासकट, १५ दिवसात. आणखी एक गोष्ट तिथं आहे जी लोकांना माहीत नसते. विक्रीपासून ३० दिवसात मूळ मालकानं थकबाकी आणि वर तुमच्या बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द होऊ शकते. ते ५ टक्के तुम्हाला मिळतात, पण घर जातं. तोवर रंगरंगोटीला हात लावू नका.

पैसे भरायचं वेळापत्रक, हाच पहिला फटका

सरफेसीच्या लिलावात बोलीआधी बयाणा भरावा लागतो. नोटिशीत त्याला ईएमडी म्हणतात. तो बहुतेक ठिकाणी राखीव किमतीच्या १० टक्के असतो. बोली तुमच्या नावावर सुटली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, बयाणा धरून एकूण २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसात. बँकेनं लेखी मुदत वाढवली तरी ती तीन महिन्यांच्या पुढे जात नाही.

आता हिशोब घाला. समजा राखीव किंमत २० लाख आणि बोली २२ लाखाला सुटली. तुम्ही २ लाख बयाणा भरलाय. २२ लाखाचे २५ टक्के म्हणजे साडेपाच लाख. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत आणखी साडेतीन लाख पाहिजेत. आणि पंधरा दिवसात साडेसोळा लाख. मार्केट यार्डातून पट्टी यायला उशीर झाला, पाहुण्यानं शब्द फिरवला, होम लोनची फाईल अडकली, या कारणांना नियमात जागा नाही.

पैसे भरले नाहीत तर? नियम ९(५) प्रमाणे भरलेली रक्कम जप्त होते आणि घर पुन्हा लिलावाला जातं. फक्त बयाणा नाही, पूर्ण २५ टक्के. बँकेला प्रत्यक्षात तेवढं नुकसान झालं नसलं तरी जप्ती चालते, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २ फेब्रुवारी २०२४ ला सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात दिला. वरच्या उदाहरणात ही रक्कम साडेपाच लाख होते. दोन एकराच्या कोरडवाहू माणसाची किती वर्षांची कमाई झाली ती, तुम्हीच मोजा.

म्हणून कर्ज काढून घ्यायचं असेल तर आधी कर्ज देणाऱ्या बँकेत जाऊन 'लिलावातल्या घराला कर्ज देता का, किती दिवसात देता' हे विचारा. सगळ्याच बँका देत नाहीत, आणि देणाऱ्याही पंधरा दिवसात देतीलच असं नाही. मग माणूस सावकाराकडं जातो, आणि स्वस्त घराचं सगळं स्वस्तपण तिथल्या व्याजात जातं.

"जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे"

हे शब्द प्रत्येक नोटिशीत असतात. वाचायला साधे वाटतात. अर्थ असा की घर जसं आहे तसं घ्या, जे देणं निघेल ते तुमचं, बँकेकडं नंतर तक्रार घेऊन येऊ नका. बँकेला माहीत असलेला बोजा नोटिशीत लिहावा लागतो. पण नोटिशीत बहुतेक वेळा 'बँकेच्या माहितीप्रमाणे बोजा नाही' असं असतं, आणि घरपट्टी किंवा लाईट बिल किती थकलंय हे बँकेनं शोधलेलंच नसतं. ते शोधणं आपल्यावर.

सगळ्यात आधी घरपट्टी. कर्जाचा हप्ता थकवणाऱ्या माणसानं घरपट्टी नियमानं भरली असेल, हे जरा अवघड आहे. नांदेड-वाघाळा काय आणि लातूर काय, दोन्ही महानगरपालिका आहेत, आणि महापालिका कायद्यात थकलेल्या मालमत्ता कराचा बोजा त्या मालमत्तेवरच बसतो. मालक बदलला म्हणून तो उतरत नाही. वर थकबाकीवर दर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के झाले. चार-पाच वर्षं बंद पडलेल्या घराची शास्ती मूळ कराच्या जवळ पोहोचते. मालमत्ता क्रमांक घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात जा, थकबाकीचा उतारा काढा. शास्ती माफीची योजना चालू आहे का तेही त्याच खिडकीवर विचारा, महापालिका मधून मधून अशी सूट देतात. गावातलं घर असेल तर ग्रामपंचायतीत नमुना ८ आणि घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी बघायची.

नळपट्टी वेगळी मोजा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरमध्ये घर घेताना नळजोडणी चालू आहे की तोडलेली, बोअरला पाणी आहे का, हे न बघता बोली लावणारा माणूस धाडसीच म्हणायचा.

मग लाईट बिल. मीटर काढून नेलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं बाकी नाही. उलट आहे. मीटर गेलं म्हणजे बाकी जुनी आहे. तुम्ही नवीन जोडणी मागायला गेलात की महावितरण आधीची थकबाकी दाखवतं. 'ते बिल माझं नाही' हे उत्तर चालत नाही. सुप्रीम कोर्टानं १९ मे २०२३ ला के. सी. निनन विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात सांगितलं की, नियमात तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरण्याची अट घालून वीज कंपनी लिलावातल्या खरेदीदाराला नवीन जोडणी नाकारू शकते. घरापेक्षा गिरणी, वेल्डिंगचं शेड, आईस फॅक्टरी असलं काही घेणाऱ्याला हा आकडा लाखात जाऊ शकतो. २०२४ मध्ये महावितरणनं कायमचा वीजपुरवठा तोडलेल्या ग्राहकांसाठी अभय योजना काढली होती, त्यात व्याज आणि विलंब आकार माफ होता, आणि अशा जागेच्या नवीन मालकालाही फायदा घेता येत होता. अशी योजना चालू असेल तर वाट बघून भरणं परवडतं. ग्राहक क्रमांक जुन्या बिलावर किंवा शेजाऱ्याला विचारून मिळतो. त्यावरून बाकी किती ते महावितरणच्या उपविभागात कळतं.

फ्लॅट असेल तर सोसायटीचा मेंटेनन्सही बघा. सोसायटी हस्तांतरणाचं प्रीमियम घेऊ शकते, पण त्याला २५ हजारांची कमाल मर्यादा आहे. त्याच्या वर कोणी 'विकास निधी' म्हणून मागत असेल तर लेखी मागा, लेखी मागितलं की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

स्टॅम्प आणि रजिस्ट्री

हा खर्च लपलेला नाही, पण लोक धरत नाहीत. महानगरपालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर १ टक्का अधिभार, म्हणजे ६ टक्के. ग्रामपंचायत हद्दीत ३ आणि १ मिळून ४ टक्के. उदगीर, देगलूरसारख्या नगरपरिषदेच्या गावाचा दर रजिस्ट्री ऑफिसात विचारून घ्या. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

काही एजंट सांगतात की लिलावाच्या सेल सर्टिफिकेटला स्टॅम्प लागतच नाही. हे अर्धं सांगणं आहे. बँकेनं सर्टिफिकेट तुमच्या हातात देताना त्याची नोंदणी सक्तीची नाही, असं कोर्टांनी म्हटलंय. पण तेच सर्टिफिकेट पुढं कुठं वापरायचं म्हटलं की शुल्क येतंच. सिटी सर्व्हेला नाव लावायचं, घरावर कर्ज काढायचं, उद्या विकायचं, प्रत्येक ठिकाणी रजिस्ट्री झालेला कागद मागतात. म्हणून हा खर्च पहिल्या दिवशीच धरा.

महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. लिलावाच्या सर्टिफिकेटला ती मिळते का, हे दुय्यम निबंधकाला आधीच विचारा. आधीच यासाठी की बोली ज्याच्या नावावर, सर्टिफिकेट त्याच्याच नावावर अशी अट बँका घालतात. बोली नवऱ्याच्या नावावर लावून नंतर बायकोचं नाव घाला म्हटलं तर होत नाही. घर ५० लाखांचं किंवा जास्तीचं असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरायची जबाबदारी घेणाऱ्याची.

आपलं २२ लाखाचं उदाहरण पुढं नेतो. लातूर शहरातलं घर धरलं तर स्टॅम्प १ लाख ३२ हजार, रजिस्ट्री २२ हजार. घरपट्टी शास्तीसह ६० हजार निघाली आणि लाईटची बाकी १८ हजार असं समजा. आकडा २४ लाख ३२ हजारांवर गेला. यात वकिलाची फी नाही, दारं-खिडक्या-वायरिंग नाही, आणि ताब्याचा खर्च तर नाहीच.

ताबा कागदावरचा की कुलपाचा?

माझ्या मते नोटिशीतला सगळ्यात महाग शब्द हाच. नोटिशीत 'प्रत्यक्ष ताबा' लिहिलंय की 'सांकेतिक ताबा' ते शोधा. प्रत्यक्ष म्हणजे कुलूप बँकेचं आहे. सांकेतिक म्हणजे बँकेनं फक्त दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसं राहतायत. मूळ मालक, त्याचा भाऊ, नाहीतर भाडेकरू.

सांकेतिक ताब्यातलं घर घेतलं तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करून ताबा मिळवावा लागतो. मग तारखा, मग पोलीस बंदोबस्त. तोवर तुमचे २२ लाख बँकेत गेलेले, आणि लेकरं अजून भाड्याच्याच रूममध्ये. कर्ज काढून घेतलं असेल तर त्याचा हप्ता चालू. तिकडं मूळ मालक कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जाऊ शकतो. आपल्या मराठवाड्याचं डीआरटी छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथं त्या घरावर प्रकरण चालू आहे का, हे कर्जदाराच्या नावावरून ऑनलाईन बघता येतं. पैसे लागत नाहीत.

बोलीआधी घर बघायची तारीख नोटिशीत दिलेली असते. त्या दिवशी नक्की जा, आणि फक्त घर बघू नका. शेजारच्या दोन घरी पाणी प्या, गप्पा मारा. आत कोण राहतं, वाटणीचं भांडण आहे का, मागची भिंत कुणाच्या जागेत आहे, हे सर्च रिपोर्टपेक्षा लवकर तिथं कळतं. राहणाऱ्याशी दमदाटी मात्र करू नका. त्या घरावरही काहीतरी ओढवलेलंच असतं, आणि कायद्यानं ताबा द्यायचं काम बँकेचं आहे.

जागेचा प्रकार

नांदेड, लातूरच्या आजूबाजूच्या वस्त्यांत गुंठेवारीचे प्लॉट भरपूर. गुंठेवारी नियमित झालेली नसेल तर ती करून घ्यायचा खर्च नव्या मालकावर येतो, आणि तोवर बांधकाम परवानगी मिळत नाही. दुसरं म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची जमीन. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी मराठवाड्यात बऱ्याच आहेत. अशा जागेचं हस्तांतर परवानगीशिवाय झालं असेल तर नजराणा भरावा लागतो. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, धारणाधिकाराचा रकाना वाचा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. दोन-चार हजार वाचवायला जाऊन इथं कंजूषी करणारे बघितलेत.

सरकारी बँकांचे लिलाव आता बँकनेट या सरकारी पोर्टलवर दिसतात, ते जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं. मोबाईलवर जिल्हा निवडून बघता येतं. बोलीसाठी स्वतःच नोंदणी करता येते, दलाल लागत नाही. 'मॅनेजर ओळखीचा आहे, दोन टक्के द्या, घर तुमच्याच नावावर सोडवतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. बयाणा फक्त नोटिशीतल्या बँक खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्येच भरायचा.

मालकाकडूनच घेतलं तर? एकरकमी तडजोड

लिलावाच्या आधी मालक स्वतः बँकेशी एकरकमी तडजोड करतो, ज्याला ओटीएस म्हणतात, आणि ती रक्कम भरायला गिऱ्हाईक शोधतो. दोघांचंही भलं होऊ शकतं. मालकाची लिलावाची बदनामी टळते, तुम्हाला ताबा लगेच मिळतो. पण कलम १३(१३) लक्षात ठेवा. मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही. 'बँकेचं मी बघून घेतो' या शब्दावर इसार देऊ नका.

ओटीएस मंजुरीचं पत्र डोळ्यानं बघा. त्यात रक्कम आणि शेवटची तारीख असते. तारीख चुकली तर तडजोड मोडते. तुमचे पैसे मालकाच्या हातात नाही, डीडीनं किंवा आरटीजीएसनं थेट कर्जखात्यात जाऊ द्या, आणि हे इसारपावतीत लिहून घ्या. घरपट्टी, लाईट, सोसायटी यांची बाकी कोण भरणार तेही त्याच पावतीत. गहाणखत रजिस्टर असेल तर गहाणमुक्तीच्या दस्ताचा खर्च येतो, तो कुणाचा हेही ठरवा. कर्ज मिटल्यावर ३० दिवसात मूळ कागद परत करायचा आणि बोजा उतरवायचा नियम रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२३ पासून लावलाय. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे, पण ती कर्जदाराला मिळते, तुम्हाला नाही. त्यामुळं बोजा कमी झाल्याची नोंद सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर येईपर्यंत काही रक्कम हातात राखून ठेवायची, असं इसारातच लिहून घेतलेलं बरं.